एक वाटी, सात दिवस: घरातल्या साध्या वस्तूंमधून सुचायला लागावं म्हणून काय करायचं

पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की अख्खं नाशिक एकच प्रश्न विचारतं, मारुतीच्या कुठपर्यंत आलं? बाहेरगावच्यांसाठी सांगतो, रामकुंडाजवळ नदीपात्रात दुतोंड्या मारुतीची मोठी मूर्ती आहे आणि पाणी त्याच्या पायाला लागलं, गुडघ्याला लागलं, कमरेला, छातीला, यावरून आम्ही पूर मोजतो. क्युसेकचे आकडे पेपरात येतात पण आमच्या आज्जीला क्युसेक कळायचं नाही, मारुतीची कंबर कळायची. मूर्ती पूजेची, पण रोज येताजाता बघणाऱ्या लोकांनी तिला दुसरं काम दिलं. मला कुणी विचारलं की सुचणं म्हणजे नेमकं काय तर मी हेच सांगतो, समोर असलेल्या वस्तूचं दुसरं काम दिसणं. आणि हे शिकता येतं, खरंच येतं, त्याची पद्धत आहे, तीच इथे लिहितोय.

माझं थोडं सांगतो म्हणजे हे कुठून आलं ते कळेल. मी तबला शिकलेला, पोटापाण्याला अंबड एमआयडीसीत नोकरी, संध्याकाळी रियाज. एप्रिल २०२० मध्ये लॉकडाऊन चालू असताना तबल्याची पुडी, म्हणजे वरचं चामडं, फाटली, दुकानं बंद, पुडी बदलून देणारा कुणी नाही, आणि हाताला तर सवय रोज तासभर वाजवायची. दोन दिवस नुसता बसून काढले. तिसऱ्या दिवशी ओट्यावर एक स्टीलची वाटी पालथी पडलेली होती तिच्यावर बोटं गेली आणि लक्षात आलं की हिच्यात तीन आवाज आहेत. दुसऱ्या दिवशी पाच सापडले. पुडी पुढे जूनमध्ये बसली पण वाटी काही सुटली नाही, आणि गंमत म्हणजे वाटीमुळे माझा तबला सुधारला, कारण इतकं लक्ष देऊन मी आधी कधी ऐकतच नव्हतो.

तर पहिलं काम, वस्तू निवडा. एकच. हे फार महत्त्वाचं आहे कारण बहुतेक लोक इथेच गोंधळतात, नवीन वही आणतात, रंग आणतात, ॲप डाउनलोड करतात, आणि मग समोर एवढं सगळं पसरलेलं असतं की हात कुठे घालायचा तेच कळत नाही. "काही सुचत नाही" याचं खरं कारण माझ्या मते पर्याय कमी असणं नसून पर्याय फार जास्त असणं हे आहे. म्हणून एक वस्तू आणि सात दिवस. वाटी घ्या, सूप घ्या, सांडशी घ्या, डब्याचं झाकण, पायपुसणं, छत्री, दाराची कडी काहीही चालेल, फक्त दोन अटी, ती रोज तुमच्या हाताखालून जाणारी असावी आणि तिला काही झालं तर घरात कुणाला वाईट वाटू नये. आईच्या रुखवतातली कपबशी घेऊ नका.

पहिले दोन दिवस काही बनवायचं नाही, नुसती ओळख करून घ्यायची. वाटी कडेवर वाजवा, बुडाला वाजवा, पालथी घालून वाजवा, तळहातावर धरून, बोटांच्या टोकांवर तोलून, घडी घातलेल्या फडक्यावर ठेवून. तळहातात गच्च धरली की आवाज मेला, तीन बोटांवर तोलली की बराच वेळ घुमते, कारण घट्ट धरलं की धातूला थरथरायला जागाच मिळत नाही. तिच्यात थोडं पाणी, थोडे तांदूळ, एक रुपयाचं नाणं घालून बघा. आणि मग प्रत्येक आवाजाला नाव द्या, ही पायरी कृपया गाळू नका. तबल्यात प्रत्येक आघाताला बोल असतो, ना, तिन्, तू, गे, के, आणि धा म्हणजे तबल्यावरचा ना आणि डाव्या हाताच्या डग्ग्यावरचा गे एकदम. नाव असल्यामुळेच तो आवाज लक्षात राहतो, तोंडाने म्हणता येतो, दुसऱ्याला सांगता येतो. माझ्या वाटीला मी टिण्, ठक, खण्ण आणि दबलेला टप अशी नावं दिली होती. चित्र काढणाऱ्याने वाटीच्या सावल्यांना नावं द्यावीत, सकाळच्या खिडकीतली लांबट, दुपारची नसल्यासारखी, रात्री ट्यूबलाइटखाली दोन सावल्या पडतात त्या. लिहिणाऱ्याने वाटीभोवतीचे शब्द गोळा करावेत, कड, बूड, पोचा, खरकटं, ठसा, विसळणं, भांड्यावर कोरलेलं नाव. पूर्वी लग्नात आलेल्या भांड्यांवर नाव आणि तारीख कोरून घ्यायचे, तुमच्याही मांडणीत असेल एखादं, काढून वाचा, एका ओळीत अख्खी गोष्ट असते.

आता मुख्य भाग, आणि यावर मी जरा जास्त लिहिणार आहे कारण मला यातूनच सगळं मिळालंय. तबल्यात कायदा नावाचा प्रकार असतो. नाव अगदी बरोबर आहे, नियमच तो. थोडे बोल घेऊन एक रचना बांधलेली असते, शिकणाऱ्याला सगळ्यात आधी मिळते त्यातली एक अशी:

धा धा ति ट | धा धा तू ना
ता ता ति ट | धा धा धी ना

सोळा मात्रा, म्हणजे सोळा मोजण्या, तीनताल नावाच्या तालाचा एक पूर्ण फेरा, त्याला आवर्तन म्हणतात. खालच्या ओळीची सुरुवात बघा, धा चा ता झाला, म्हणजे डग्गा काढून घेतला, तीच गोष्ट पण पोकळ, याला खाली म्हणतात, आणि मग पुन्हा भरीव. आता यावरून पुढे जे वाजवायचं ते म्हणजे पलटे, आणि पलट्याचा नियम कडक आहे, कायद्यात जे बोल आहेत तेच वापरायचे, बाहेरचा एकही बोल आणायचा नाही, फक्त उलटसुलट करायचं, एखादा तुकडा दोनदा घ्यायचा, मधेच थांबायचं. उदाहरणार्थ धा धा ति ट तीनदा घेऊन मग धा धा तू ना, आणि खालची ओळ त्याच हिशोबाने. एवढ्या मोजक्या बोलांत मोठे वादक अर्धा तास वाजवू शकतात आणि ऐकणाऱ्याला कंटाळा येत नाही. आयत्या वेळी सुचतं सुचतं म्हणतात ते आभाळातून पडत नाही हो, चार बोल इतके फिरवलेले असतात की बोटांना पुढची वाट दिसते.

हाच कायदा वाटीला लावा. तिसऱ्या दिवशी वाटीचे तीनच आवाज निवडा, बाकीचे बाजूला. सोळापर्यंत मोजत एक साधी ओळ बसवा, इतकी साधी की भांडी घासताना पण म्हणता येईल. ती दिवसभर म्हणा. चौथ्या दिवसापासून तिचे पलटे करा, रोज पाच तरी, आणि पाचही वाईट झाले तरी चालतील. शेवट करायचा तर तिहाई लावा, म्हणजे एकच तुकडा तीनदा, आणि तिसऱ्याचा शेवटचा ठोका बरोबर समेवर, सम म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा. हिशोब सोपा आहे, तिट कत गदि गन धा हा पाच मात्रांचा तुकडा, मग एक मात्रा गप्प, पुन्हा तुकडा, पुन्हा एक गप्प, पुन्हा तुकडा. पाच, एक, पाच, एक, पाच, झाले सतरा, म्हणजे समेपासून सुरू केलं तर शेवटचा धा पुढच्या समेवर पडतो. पहिल्यांदा बरोबर पडतो ना तेव्हा अंगावर काटा येतो, ओट्यासमोर उभं असलो तरी.

वाजवत नसाल तर लिहिण्यासाठी असं करा. पाच शब्द, वाटी, तूप, कड, बोट, उरणं. फक्त यांच्या आसपास फिरायचं.

तूप संपलं तरी वाटीच्या कडेला वास उरला.
कडेवरून बोट फिरवलं, उरलं होतं तेवढं तूप माझं.
वाटी रिकामी आहे, बोट अजून कडेवर आहे.

पहिलं वाक्य साधं निरीक्षण आहे, दुसऱ्यात एक पोरगं आलं, तिसऱ्यात कुणीतरी गेल्यासारखं वाटतं, आणि तिन्हीमध्ये शब्द जवळपास तेच. मी काही लेखक नाही पण हे सुचलं तेव्हा दिवसभर छान वाटत राहिलं. पाच शब्द नसते तर मी "आठवणी" वगैरे लिहीत बसलो असतो.

चित्रवाल्यांना तर हे आपल्या उंबऱ्यावरच शिकवलेलं आहे. ठिपक्यांची रांगोळी, ठिपके तेवढेच, रेघा कुठून कुठे जोडायच्या ते तुमचं. सात बाय सातचे ठिपके कागदावर काढा आणि वाटीचा आकार त्यात किती प्रकारे बसतो ते बघा. वारली चित्रं पण बघा, वर्तुळ, त्रिकोण, चौकोन आणि रेघ, गेरूवर तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग, एवढ्यावर लग्न, पेरणी, नाच सगळं उभं राहतं.

आणि स्वयंपाकघर. मला वाटतं घराघरातल्या बायका रोज इम्प्रोव्हाइज करतात आणि त्याला कुणी कला म्हणत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. फोडणी हा कायदाच आहे, तेल तापलं की मोहरी, ती तडतडली की जिरं, मग हिंग, कढीपत्ता, हळद शेवटी कारण ती लगेच करपते. क्रम ठरलेला. पण त्यात शिळी पोळी कुस्करून टाकली की फोडणीची पोळी, शिळा भात टाकला की फोडणीचा भात, आणि त्याच पोळीला फोडणी न देता गूळतूप लावून कुस्करली की मलिदा. आठवड्यातून एक दिवस ठरवा की बाजारातून काही आणायचं नाही, घरात आहे त्यातच करायचं, आणि बघा काय होतं. आमच्या आईने एकदा उरलेल्या मिसळीच्या रश्श्यात वरणफळं सोडली होती, अजून आठवण निघते.

जात्यावरच्या ओव्याही अशाच आल्या ना. हाताला जात्याचा खुंटा, दगडाचा घरघर आवाज, त्याच्या गतीवर शब्द, पहिली ओवी कुणाला, दुसरी कुणाला असा ठरलेला साचा, आणि त्या साच्यात ज्या त्या बाईने आपलं माहेर, आपला भाऊ, आपलं दुःख घातलं. अशा ओव्या पुढे लोकांनी गावोगाव जाऊन लिहून घेतल्या, लाखाच्या वर भरल्या. मिक्सरवर ओवी सुचणं अवघड आहे कारण आवाज सलग आहे आणि एका मिनिटात संपतो, म्हणून असं काम शोधा ज्याला ठेका आहे आणि जे लवकर संपत नाही. मटार सोलणं, कपडे घड्या घालणं, लसूण निवडणं, जिने चढणं. तेव्हा कानात इअरफोन नको.

पाचव्या दिवशी पाणी घ्या, यात फार मजा आहे. चिनी मातीचे सात-आठ बाऊल जमवा, जलतरंग करायचं. लहानमोठे असतील तर उत्तम, मोठा तो खालचा सूर. खाली घडी घातलेला टॉवेल अंथरा, नाहीतर ओट्याला लागून खडखडतात. वाजवायला धातूचा चमचा नको, कडा उडतात, पेन्सिलीची रबरवाली बाजू किंवा बांबूची बारीक काडी घ्या. पाणी वाढवलं की सूर खाली उतरतो, कमी केलं की चढतो, मोबाईलवर तानपुरा लावून चमच्या-चमच्याने सूर जमवा, धीर लागतो, मला पहिल्यांदा सा रे ग म जमवायला दीड तास लागला होता. मग एक काचेची बाटली घ्या आणि तिच्या तोंडावर आडवी फुंकर मारा. आता पाणी वाढवलं की सूर चढतो! बरोबर उलटं. कारण बाऊल वाजवताना बाऊलच थरथरतो आणि पाण्याने त्याला जड केलेलं असतं, बाटलीत मात्र आतली हवा वाजते, पाणी वाढलं की हवेला जागा कमी, सूर वर. नवरात्रात अष्टमीला महालक्ष्मीपुढे बायका घागर फुंकतात तिथे पण घागरीतली हवाच घुमते. माझ्या भाचीला हे दाखवलं तेव्हा ती म्हणाली, मामा पाणी तर तेच आहे ना मग? आणि ह्या "मग?" साठीच सगळा खटाटोप आहे.

सहावा दिवस घराबाहेर. बुधवार असेल तर गंगेवरचा बाजार सोडू नका, आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो. पण बाजार बघायला जायचं नाही, एका पालासमोर दहा मिनिटं उभं राहायचं, फोन खिशात. तुमची वस्तू किंवा तिची भावंडं शोधायची. मी वाटी घेऊन गेलो, म्हणजे डोक्यात घेऊन, आणि काय काय दिसलं, वाटीने मोजून दिलेले शेंगदाणे, कोथिंबिरीवर पाणी शिंपडायला भोकं पाडलेलं प्लास्टिकच्या बाटलीचं झाकण, तराजूच्या पारड्याखाली तोल साधायला चिकटवलेला चिंचेचा गोळा, फाटकी छत्री उलटी टांगून त्यात ठेवलेल्या पिशव्या. एका मावशींनी मिरच्यांचे वाटे लावले होते आणि प्रत्येक वाट्यावर एक लिंबू, वजन म्हणून नाही, वारा आला तर मिरच्या हलू नयेत म्हणून पण नाही, मी विचारलं तर म्हणाल्या, हिरव्यावर पिवळं दिसतं दादा, माणूस थांबतं. मी खरंच थांबलो होतो. तिथून जुन्या नाशकात भांडी बाजाराकडे चालत जा, तांब्यावर ठोके पडत असतील तर उभे राहून ऐका. याला मठारणं म्हणतात, ठोक्यांनी तांबं कडक होतं आणि वर ती चमकदार नक्षी उठते, कारागिराचा हात एका लयीत चालतो आणि भांडं मात्र सारखं फिरत असतं.

वेळ लागणारं काहीतरी करायचं असेल तर कांदा घ्या, नाशिककराला कांदा शोधावा लागत नाही. ही युक्ती मात्र जुनी आहे. दादासाहेब फाळके, जन्म त्र्यंबकेश्वरचा, १८७०, आणि शेवट नाशकात, १९४४. १९१३ च्या पहिल्या मोठ्या चित्रपटाआधी पैसे लावणाऱ्यांना खात्री पटावी म्हणून त्यांनी काय दाखवलं तर कुंडीतलं वाटाण्याचं रोप. महिनाभर त्याच रोपाचे थोडे थोडे फ्रेम टिपत गेले आणि पडद्यावर लोकांना रोप वाढताना दिसलं. कुंडी आणि वाटाणा, बाकी काही नाही! तुम्ही खिडकीत ग्लासवर एक कांदा ठेवा, मूळ पाण्याला जेमतेम टेकेल असा, मोबाईल ठेवायच्या जागी ओट्यावर चिकटपट्टीची खूण करा, रोज एकाच वेळी एक फोटो काढा म्हणजे उजेड सारखा राहील. तीस दिवसांचे तीस फोटो सेकंदाला दहा या वेगाने लावले तर तीन सेकंदांचा व्हिडिओ होतो. तीन सेकंदांसाठी महिना, पण त्या महिन्यात तुम्ही रोज एकदा कांद्याकडे नीट बघितलेलं असतं. माझ्या कांद्याची पात एकविसाव्या दिवशी खिडकीकडे वळायला लागली होती, फोटो नसते तर मला कधीच कळलं नसतं.

सातव्या दिवशी वस्तू माणसांत घेऊन या. रात्री जेवणं झाल्यावर सगळे गोल बसा, वाटी मधे. ज्याच्या हातात वाटी येईल त्याने ती वाटी सोडून दुसरं काहीतरी आहे असं दाखवायचं, न बोलता आधी, मग बोलून. टोपी, स्टेथोस्कोप, कासव, आज्जीचं कानातलं ऐकायचं यंत्र. एकच नियम, आधीच्याने जे मांडलं ते मोडायचं नाही, त्याने कासव केलं असेल तर तुम्ही त्या कासवाला पाणी पाजा, "हे कुठे कासव" म्हणायचं नाही. कोकणातल्या दशावतारात हे मोठ्या प्रमाणावर चालतं, संवाद लिहिलेले नसतात, रंगमंचावर एक लाकडी बाकडं, तेच राजाचं सिंहासन, तेच पुढे आणखी काही, आणि समोरचा नट जे बोलेल त्याला धरून आपण पुढे न्यायचं. मंगळागौरीत लाटणी आणि सूप घेऊन खेळणाऱ्या बायका पण काय वेगळं करतात. लहान मुलं यात सगळ्यात पटकन रुळतात, मोठ्यांना पहिल्या फेरीत लाज वाटते, म्हणून पहिली फेरी मुलांना द्या आणि मोठ्या माणसांना हसू नका, काका-काकूंनी एकदा कुणी हसलेलं बघितलं की ते परत वाटीला हात लावत नाहीत.

दोन-तीन गोष्टी राहिल्या. सातही दिवस काही शेअर करू नका, स्टेटसला लावलं की लगेच दुसऱ्याच्या डोळ्यांनी बघायला लागतो आपण, आणि अजून कच्चं असतं सगळं. एका छोट्या वहीत रोज दोन ओळी मात्र लिहा, तारीख टाकून, कुठला आवाज, कुठली सावली, कोण काय म्हणालं. आणि मधे एखादा दिवस काहीच झालं नाही तर भरपाई म्हणून दुसऱ्या दिवशी डबल करू नका, वाटी फक्त उचला, एकदा वाजवा, ठेवून द्या.

आठव्या दिवशी वाटी स्वच्छ घासून मांडणीत ठेवा, आमटीला लागेल. मी आत्ता छत्री घेतलीय, जुनी काळी, एक काडी मोडलेली. मिटताना ती जो फट् आवाज करते त्याला अजून नाव सापडलेलं नाही, आज तिसराच दिवस आहे.